क्रेटची फाइल

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, आई, मी आणि माझी १० वर्षांची लेक चिऊ अशा तिघी ग्रीसमधल्या क्रेट बेटावर राहून आलो. टूर कंपनीबरोबर नाही, सगळं घरी बसून ठरवलं. एप्रिलमधल्या एका रात्री समोर कागदांचा ढीग पसरून मी नवऱ्याला म्हटलं होतं, ‘राहू दे, गोव्याला जाऊन येऊ.’ त्या रात्री हे सगळं क्रमाने मराठीत लिहिलेलं कुठे सापडलं असतं तर धीर आला असता. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

मूळ कारण आई. तिने ३१ वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. ‘भूमध्य सागरी हवामान: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात’ हे तिने किती वर्गांना फळ्यावर लिहून दिलं असेल! तो समुद्र मात्र तिने पाहिला नव्हता. आम्ही नाशिकचे, आमचा समुद्र म्हणजे दिवेआगर नाहीतर गणपतीपुळे, तोही गुडघाभर पाण्यापर्यंतच. जानेवारीत तिला ७० वर्षं पूर्ण झाली. त्याच आठवड्यात चिऊचा नकाशा रंगवून देताना ती म्हणाली, “इथे उन्हाळाभर थेंब पडत नाही, तरी द्राक्षं पिकतात. बघायला हवं होतं एकदा.” ते ‘हवं होतं’ माझ्या मनातून जाईना.

फेब्रुवारीचा पूर्ण महिना बेट निवडण्यात गेला. आम्हा तिघींपैकी कुणालाच धड पोहता येत नाही, आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे, या तीन गोष्टींवर सगळं ठरलं. सांतोरिनी पायऱ्यांमुळे गळलं, शिवाय तेव्हा तिथे भूकंपाचे धक्के चालू होते. माल्टा मनात होतं, पण तिथे वाळूचे किनारे कमी, खडकाळ जास्त. क्रेट हे भूमध्य समुद्रातलं पाचवं मोठं बेट, पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब. तिथे उथळ वाळूचे किनारे आहेत, शहरं आहेत, सरळ चालणाऱ्या बस आहेत आणि पर्यटक नसले तरी चालू राहणारं रोजचं जगणं आहे. एवढं मोठं बेट आठवड्यात पाहून होत नाही हे मी आधीच मान्य केलं आणि पश्चिमेच्या हनिया शहरात एकच मुक्काम धरला. इंग्रजी स्पेलिंगमुळे नकाशात ‘चानिया’ असंही वाचायला मिळेल, गाव तेच. क्नोसोसचा प्रसिद्ध प्राचीन राजवाडा हेराक्लिओन शहराजवळ आहे, हनियाहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो. तो सोडायचा निर्णय आईचा. “मला समुद्र बघायचाय, दगड नंतर,” ती म्हणाली.

महिना कोणता यावरही तिचंच ऐकलं. चिऊच्या सुट्टीमुळे मी मे म्हणत होते. आई म्हणाली, पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, मे महिन्यात हवा छान असेल पण समुद्र गारठलेला असेल. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, गर्दी आणि ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा जोरात, त्यामुळे उत्तर किनाऱ्यावर लाटा. सप्टेंबरात वारा उतरतो आणि पाणी उन्हाळाभराची ऊब धरून असतं. मग आमचं पंचांग बघितलं. गणपती ६ सप्टेंबरला जाणार, बाबांची तिथी पंचमीची, ती झाल्यावर १३ तारखेला निघायचं आणि २२ च्या घटस्थापनेआधी घरी. पितृपक्षात प्रवास कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलंच. आईने प्रत्येकाला एवढंच सांगितलं, “यांना आवडलं असतं.”

आता कागद. पहिला अडथळा मार्चमध्ये, आईच्या पासपोर्टवर. पासपोर्ट ४ डिसेंबरला संपत होता. मला वाटलं, सप्टेंबरला चालतोय की. पण शेंगेन देशांतून (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश, ग्रीस त्यातलाच) बाहेर पडण्याच्या दिवसापासून पुढे किमान तीन महिने तो वैध लागतो; आम्ही २० सप्टेंबरला निघणार, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत. १६ दिवस कमी पडले! नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण केलं, शुल्क १,५०० रुपये, पोलीस पडताळणी धरून साडेतीन आठवडे लागले. तुम्ही काहीही बुक करण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. १० वर्षांच्या आत दिलेला आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला, हेही बघा.

दुसरा अडथळा नावाचा, आणि हा आपल्याकडे घरोघरी असणार. पासपोर्टवर आईचं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं पूर्ण. निवृत्तिवेतनाच्या बँक खात्यात मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. आणि ठेवीच्या पावतीवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बँकेत दोन खेपा घालून खात्यावरचं नाव दुरुस्त केलं, ९ दिवस गेले. ठेवीचं होईना, तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं.

एप्रिलमधली ती गोव्याची रात्र याच सुमारासची. व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. मी मार्चच्या मध्यापासून मुंबईच्या व्हिसा केंद्राची वेळ मिळते का ते रोज बघत होते. सुट्टीत जाणाऱ्यांची झुंबड असल्यामुळे सगळं भरलेलं. शेवटी सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपताना असं दोनदा बघायचा नेम केला. मे अखेरीला २६ जूनची दुपारी १ ची वेळ मिळाली, तिघींची एकत्र. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथून काढा’ हा सल्ला मला तिघांनी दिला. तो ऐकू नका.

आमच्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते. भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, विमानाचं आरक्षण, राहण्याचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम, प्रवास विमा, माझं कंपनीचं रजापत्र आणि पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँकेचं विवरण शिक्क्यासह, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. आईचं निवृत्तिवेतनाचं आदेशपत्र. तिचा अर्धा खर्च मी करणार होते, त्याचं माझ्या सहीचं पत्र. चिऊचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड आणि रजेला मुख्याध्यापकांची संमती. वडील बरोबर नसल्यामुळे त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्याला त्यांच्या पासपोर्टची प्रत जोडलेली. या शेवटच्या कागदाशिवाय मूल नेता येत नाही, आई स्वतः बरोबर असली तरी.

विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असावं लागतं. आईचा रक्तदाब मी अर्जात स्पष्ट लिहिला. हप्ता वाढला, तिघींचे मिळून ९,००० रुपये झाले, पण लपवून घेतलेला विमा ऐनवेळी उपयोगाचा नसतो. खात्यात अर्जाच्या तोंडावर कुणाकडून मोठी रक्कम आणून ठेवू नका, ती लगेच डोळ्यात भरते. विमानाचं पैसे भरलेलं तिकीट व्हिसाआधी सक्तीचं नसतं, आरक्षण चालतं. मी थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारं तिकीट घेतलं. ऑनलाइन ५०० रुपयांत मिळणारी खोटी आरक्षणं घ्यायला माझं मन धजलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी कव्हर लेटरला दिला. दीड पान. कोण जातंय, का, किती दिवस, खर्च कोण करणार आणि परत का येणार. आईच्या भूगोलाचं वाक्य त्यात घातलं, खोडलं, परत घातलं. ते राहिलं.

२६ जूनला पंचवटीने निघालो. ठाण्याला उतरून मावशीकडे थोडं खाल्लं आणि केंद्रावर पाऊण तास आधी पोचलो. आत फोन वापरू देत नाहीत, म्हणून सगळं छापील हवं. खिडकीवरच्या मुलीने फाइल चाळली आणि विचारलं, “१३ तारखेच्या रात्रीचं हॉटेल कुठे आहे?” माझ्या पोटात गोळा आला. आईला बोटीने जायचं होतं म्हणून अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट धरली होती. ती रात्र समुद्रावरच. बोटीच्या केबिनचं आरक्षण फाइलमध्ये होतं, पण दिवसवार कार्यक्रमात मी नुसतं ‘अथेन्स ते हनिया’ लिहिलं होतं. तिथेच पेनाने ‘रात्री बोटीत मुक्काम’ असं लिहून सही केली. तुम्ही रात्रीची बोट किंवा रेल्वे धरणार असाल तर हे आधीच ठळक लिहा. मग आईच्या आणि माझ्या बोटांचे ठसे. आईचे भांडी घासून झिजलेले ठसे चौथ्या खेपेला उमटले. चिऊचे घेतले नाहीत, १२ वर्षांखालच्यांना त्यातून सूट होती. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर धरून तिघींचे साधारण २७,००० रुपये झाले. एसएमएस, आरामकक्ष, झेरॉक्स अशा जादा सेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, नको म्हटलं तर चालतं.

मग वाट बघणं. १५ दिवस हा नेहमीचा काळ, गरज पडल्यास ४५ पर्यंत जातो. २ जुलैला क्रेटमध्येच इएरापेत्राजवळ मोठा वणवा पेटला, लोकांना आणि पर्यटकांना हलवावं लागलं. नातेवाइकांनी त्या बातम्या मला धडाधड पाठवल्या. इएरापेत्रा बेटाच्या आग्नेय टोकाला आणि आम्ही वायव्येला, हे सगळ्यांना नकाशावर दाखवायचं काम आईने केलं. तरी रात्री मला झोप लागत नव्हती. भीती वणव्याची नव्हती. आईला नकार आला तर तिला काय सांगू, याची होती. ती मात्र रोज संध्याकाळी चिऊला घेऊन तरणतलावावर जायला लागली होती. पोहायला नाही, कमरेइतक्या पाण्यात चालायला. गुडघ्यांना त्याचा खरंच उपयोग झाला.

२१ जुलैला कुरिअर आलं. पाकिटं आईनेच उघडली. तिन्ही व्हिसे होते, आमच्या दिवसांपुरते, मागेपुढे थोडी मुभा. व्हिसावरचे दिवस मोजताना पोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात, म्हणजे १३ ते २० हे आठ दिवस. मी ते तीनदा मोजले.

१३ सप्टेंबरला पहाटे मुंबईहून निघून आखातात विमान बदललं आणि दुपारी अथेन्सला उतरलो. शिक्का मारणाऱ्या माणसाने परतीचं तिकीट बघितलं, आईला हसून काहीतरी म्हटलं आणि सोडलं. तो शिक्का आता मिळणार नाही; १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पुढच्या विमानाला किंवा बोटीला त्यासाठी जादा वेळ ठेवा. विमानतळावरून मेट्रो न बदलता थेट पिरेअसला जाते, तासभर लागतो. मोठ्यांचं तिकीट ९ युरो. बोट रात्री ९ ला सुटून पहाटे ६ च्या सुमारास हनियाजवळच्या सूदा बंदराला लागते. चार जणांची आतली केबिन आम्ही तिघींत घेतली, साधारण १७० युरोला. स्वच्छ पलंग, स्वतःचं न्हाणीघर. आई रात्री उशिरापर्यंत डेकवर होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, “अगं, वास वेगळा आहे. आपल्या समुद्रासारखा नाही.”

जाताना बोट घ्या, पण परतताना घेऊ नका, असं मी सांगेन. वारा फार वाढला की बोटी रद्द होतात आणि पुढचं आंतरराष्ट्रीय विमान हुकतं. आम्ही परतीला हनिया-अथेन्स विमान घेतलं, तिघींचे २१० युरो.

बोट पहाटे पोचते आणि खोली दुपारी ३ ला मिळते, ही अडचण आधीच लक्षात आली होती. घरमालकिणीला ऑगस्टमध्येच लिहून बॅगा ठेवायची सोय विचारून घेतली होती. घर नेआ होरा भागात, तळमजल्यावर, रात्रीचे ८५ युरो. तिथून किनारा दोन मिनिटांवर आणि जुनं व्हेनिसकालीन बंदर चालत पंधरा मिनिटांवर. आरक्षणाच्या रकमेत नसलेला एक कर तिथे वेगळा द्यावा लागतो, तो माहीत असू द्या. घरगुती अपार्टमेंटला एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीला ८ युरो, हॉटेलला ताऱ्यांप्रमाणे २ पासून १५ पर्यंत. आमचे ४८ युरो झाले. आणखी एक घरगुती गोष्ट: तिथल्या सांडपाण्याच्या जुन्या नळ्यांमुळे शौचालयात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. आम्ही आपला प्लास्टिकचा मग नेला होता, त्याने फार बरं वाटलं.

पाण्यात काय घालायचं, याची आईला सगळ्यात जास्त काळजी होती. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख नाशिकमधूनच घेतला होता. पहिल्या संध्याकाळी ती टॉवेल घट्ट लपेटून वाळूत उभी राहिली, पुढे जाईना. समोर पाण्यात तिच्याच वयाच्या चार-पाच ग्रीक आज्या टोप्या घालून गळ्याइतक्या पाण्यात गोल करून उभ्या होत्या आणि गप्पा मारत होत्या. पोहत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या, संध्याकाळी कट्ट्यावर बसावं तशा. त्यातल्या एकीने हात हलवून बोलावलं. आईने टॉवेल माझ्या हातात दिला. तेव्हापासून सहाही दिवस ती रोज तासभर त्यांच्यात होती. भाषा एकही समान नाही. काय बोलता, विचारलं तर म्हणाली, “गुडघ्यांचं.”

खाण्याची काळजी पहिल्याच दिवशी मिटली. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेली पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात त्यात ‘व्लीता’ असते. आईने एक काडी उचलून बघितली आणि म्हणाली, हा आपला माठ! खरंच त्याच कुळातली भाजी आहे. भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे ‘येमिस्ता’, पालेभाजीच्या किंवा चीजच्या छोट्या करंज्या म्हणजे ‘कलित्सूनिया’, जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि चीज घातलेला ‘दाकोस’. दाकोस कडक असतो, थोडा मुरू द्यावा. ‘निस्तीसिमो’ हा शब्द लक्षात ठेवा. त्याचा अर्थ उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण त्यांच्या उपवासाला शिंपले आणि ऑक्टोपस चालतात, तेवढं विचारून घ्या. जेवणानंतर बहुतेक ठिकाणी न मागता फळं येतात, आम्हाला द्राक्षं आली. आम्ही नाशिकची माणसं, तेव्हा बारीक चवीने खाल्ली. साखर भरपूर, बी मोठी. जेवणाचे रोजचे तिघींचे ५० युरोच्या आत भागले.

पश्चिमेला आयिया मरीनाच्या बाजूला वाळूत कासवांच्या घरट्यांभोवती चौकटी लावलेल्या दिसल्या. इथे कॅरेटा कॅरेटा जातीची कासवं अंडी घालतात, आणि आर्केलॉन ही ग्रीक संस्था त्यांची राखण करते. चिऊने दोन वर्षांपूर्वी वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली होती. तिने तिथे उभ्या असलेल्या दोन जर्मन मुलांना आपल्या मोडक्या इंग्रजीत मंडणगड तालुका समजावून सांगितला.

१७ तारखेला एलाफोनिसीचा किनारा. हनियाहून केटेल या तिथल्या बससेवेची सकाळची बस, वळणावळणाचा घाट, सुमारे दोन तास. परतीची बस दुपारी, ती चुकवू नका. चिऊला बस लागली. उलटीची गोळी निघण्याआधी द्यायला हवी होती. पण तिथे उतरल्यावर पुढचं काही आठवलं नाही. पाणी घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, मग परत घोट्याइतकं, असं चालत समोरच्या छोट्या बेटावर जाता येतं. वाळूत समुद्री जीवांच्या कवचांच्या बारीक चुऱ्याची गुलाबी झाक आहे. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. सावली मात्र जवळपास नाही. टोपी, पाणी आणि डबा बरोबर न्या. दोन खुर्च्या आणि छत्री भाड्याने घ्यायचीच असं नसतं, तिथल्या कायद्यानुसार किनाऱ्याचा मोठा भाग मोकळा ठेवावा लागतो. आम्ही सरळ सतरंजी अंथरली. वाळू बरोबर नेण्याला बंदी आहे, तशा पाट्या लावलेल्या आहेत. निघताना आईने पोशाखाचे काठ, टॉवेल, चपला सगळं तिथेच झटकलं आणि चिऊची प्लास्टिकची बादलीही उलटी करून पाहिली.

एकूण खर्च तिघींचा साधारण ३ लाख ६५ हजार रुपये. त्यात जवळपास निम्मा, १ लाख ७६ हजार, मुंबई-अथेन्स विमानाचा. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं असतं तर किमतीवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा कर, भरावा लागला असता. तो आयकरात परत मिळतो, पण पैसे अडकून राहतात.

२१ तारखेला मुंबई, रात्री उशिरा नाशिक. २२ ला सकाळी घट बसवून झाल्यावर आईने मला हाक मारली. शाळेतल्या तिच्या मैत्रिणीचा फोन चालू होता. त्याही भूगोलाच्याच. फोनवर हात ठेवून आई म्हणाली, “ती फाइल दे जरा. आणि यांच्या पासपोर्टची तारीख काय बघायची म्हणालीस, ते परत सांग.”